कवच सोलू नका

अन्याय माझ्या मामावर झाला. माघी गणपतीच्या आधीच्या मंगळवारी, संध्याकाळी सव्वासात वाजता, बोरिवली पूर्वेला एका मेडिकलच्या काउंटरवर. तिथल्या माणसाने कॅप्सूलची स्ट्रिप कात्रीने मधोमध कापली, अर्धी खाकी पाकिटात टाकली, पाकिटावर पेनाने एक आकडा खरडला आणि म्हणाला, "रात्री जेवल्यावर एक." बस. एवढंच. पुढचं गिऱ्हाईक.

ही कॅप्सूल अख्खी गिळायची, फोडायची नाही, चावायची नाही, असं त्या स्ट्रिपवर छापलेलं होतं. पण ते होतं दुसऱ्या अर्ध्या भागावर, आणि तो भाग राहिला दुकानात. मामाच्या हातात आल्या नुसत्या चंदेरी पत्र्यातल्या कॅप्सूल. ना खोका, ना आतला कागद. तो कागद आला असता तरी मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत आला असता, ते आणखी वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं काय झालं त्यात? थांबा.

माझा मामा बुवा आहे. म्हणजे साधू नव्हे. डबलबारी भजनातला बुवा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: समोरासमोर दोन भजनी मंडळं बसतात. प्रत्येकाचा एक बुवा. पेटीवर बसून एकाने आपली बारी गायची, मग दुसऱ्याने. देवाचं नाव घेता घेता समोरच्याची टोपी कशी उडवायची हा खरा खेळ. गजर सुरू झाला की बुवा जागेवर पदं जुळवतो, समोरच्याला चिमटे काढतो, आणि मंडपात बसलेले आमचे सगळे सिंधुदुर्गवाले, दिवसभर कुठल्या ना कुठल्या ऑफिसात मान खाली घालून बसलेले, तिथे खुर्चीवर उभे राहून शिट्या मारतात. मामाचे वडील गिरणीत होते, तेही गायचे. मामा एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. पण तिकडे त्याला विचारा तू कोण, तर तो म्हणेल बुवा.

थंडीत मामाचा घसा बसला होता. साधा नव्हे, पार आवाज गेला. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. घसा सुटला आणि पोट सुटलं, म्हणजे जुलाब. डॉक्टर म्हणाले, औषधाने पोटातले चांगले जंतूही मारले गेलेत, ते परत भरायला हवेत, ह्या कॅप्सूल घ्या. बारीला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते. मंडळाच्या सेक्रेटरीने निरोप धाडला: बुवा, तुमची तब्येत बघून पुढच्या बुधवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही कांदिवलीच्या बुवांना उभं करतो.

कांदिवलीच्या बुवांना! मामाने आठ महिने वाट बघितली होती ह्या बारीची. समोर होता भांडुपचा तरुण बुवा. गेल्या वेळी त्याने मामाच्या आवाजावर गजर रचून अख्ख्या मंडपाला हसवलं होतं, आणि मामाचा घसा साथ देत नव्हता म्हणून मामाला उत्तर देता आलं नव्हतं. ते उत्तर त्याच्या पोटात होतं. पण पोटाचंच असं झालं होतं. एक बारी म्हणजे दीड तास मांडी घालून बसायचं. मामाला अर्धा तास बसवत नव्हतं.

मी मुलुंडला राहते. कामाचं म्हणाल तर आम्ही काहीजण ग्राहकांच्या प्रश्नांवर पत्रकं काढतो, वाटतो, दुकानदारांशी भांडतो. रविवारी बोरिवलीत पत्रकं वाटून झाल्यावर मी रात्री मामाकडे गेले. दार उघडंच होतं. सुंठ, मिरी आणि गवती चहाचा वास जिन्यापर्यंत येत होता. मामा स्वयंपाकघरात ओट्याशी उभा होता. समोर स्टीलच्या पेल्यात वाफाळता काढा. बुवा लोकांचं हे असंच असतं, सगळं कढत प्यायचं, घशासाठी. पाणीसुद्धा चटका बसेल असं.

मामाने पाकिटातून एक कॅप्सूल काढली. दोन्ही टोकं चिमटीत धरून फिरवली. टक् करून उघडली. आतली पांढरी भुकटी काढ्यात झटकली. दोन्ही टोपणं केराच्या डब्यात. चमच्याने ढवळलं आणि फुर्र करून पहिला घोट.

"मामा! काय करतोयस?"

"औषध घेतंय, दिसत नाय?"

"अरे कॅप्सूल अख्खी गिळतात!"

मामाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्याला सुरमई खवल्यांसकट खायला सांगत होते.

"गो बाय," तो म्हणाला, "फणस आपण सोलतंव. नारळ सोलतंव. सुंगटा, तुमची ती कोळंबी, सोलतंव. काजूची बी सोलतंव, हात भाजले तरी सोलतंव. देवान जा काय चांगला दिल्यान ता सगळा सालीच्या आत दिल्यान. आणि ह्या गोळयेचा तेवढा साल गिळूचा? प्लास्टिक असता ता!"

मामी आतून कपडे घड्या करता करता म्हणाली, "मी कालपासून सांगतेय, तर मला म्हणतात तू घाटावरची, तुला सोलायचं काय कळणार."

मामी साताऱ्याची. लग्नाला तीस वर्षं झाली तरी हा आरोप शिल्लक आहे.

मला राग आला, पण मामाचा नाही आला. त्याचा तर्क बघा ना, कुठे चुकलाय? आयुष्यभर माणूस सोलून खात आला. त्याला कोणीच सांगितलं नाही की ह्या एका गोष्टीचं साल हेच औषधाचं निम्मं काम करतं. सांगायचं काम ज्याचं होतं त्याने कात्री चालवली आणि मोकळा झाला. मी पाकीट उलटंपालटं केलं. एक आकडा. त्यापलीकडे एक शब्द नाही.

माझी कॉलेजची मैत्रीण अंधेरीच्या एमआयडीसीत एका खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत आहे. तिचं कामच हे: चांगले जंतू कशात तरी गुंडाळून आतड्यापर्यंत जिवंत कसे पोचवायचे. मी तिला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि घडलेलं सगळं सांगितलं.

आधी ती नुसती हसत सुटली. मग म्हणाली, "यार, काढ्यात? उकळत्या? वाट लागली त्यांची."

"कोणाची?" मामाने विचारलं.

"जंतूंची, मामा. त्या भुकटीत ते झोपलेले असतात. जिवंत असतात, पण झोपलेले. तुम्ही त्यांना झोपेतच उकळलंत."

मामाने चमचा पेल्याबाहेर काढला.

"बरं, काढा थंड असता ना, तरी पुढे जठर आहे," ती म्हणाली. "तिथलं आम्ल म्हणजे लिंबाच्या रसापेक्षा आंबट. हे लोक उघड्या अंगाने त्यात उडी मारणार, तर पलीकडे पोचणार किती? म्हणून ते वरचं कवच. तुमच्या कॅप्सूलचं कवच आम्लात विरघळत नाही. पुढे आतड्यात गेलं, आंबटपणा संपला, की मगच सुटतं. तुम्ही तेच कचऱ्यात टाकताय. आणि ते प्लास्टिक नाही."

"सगळ्या कॅप्सूल अशाच असतात?" मी विचारलं.

"नाही ना. काही उघडून दिल्या तरी चालतात, लहान मुलांना देतातच. काहींमधले जंतू मुळातच चिवट असतात. म्हणून तर विचारायचं असतं. फोटो पाठव मला स्ट्रिपचा."

पाठवला. तिचं उत्तर आलं: अर्धं नावच दिसतंय गं, पण हे अख्खं गिळायचं. डॉक्टरांना विचारून घ्या. मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, हो हो, अख्खीच, कोमट नाहीतर साध्या पाण्याबरोबर, आणि अँटिबायोटिकच्या लगेच बरोबर नको, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. मी म्हटलं, हे तुम्ही त्यांना सांगितलंत? ते म्हणाले, सांगितलं असेन. असेन! मी पुढे जे बोलणार होते ते मामीने माझ्या हातातून फोन काढून घेतल्यामुळे राहून गेलं. "चहा टाकते," ती मला म्हणाली, "तू आधी बस."

पण मामाचं समाधान झालं नव्हतं. त्याला कोणीही फोनवरून काहीही पटवू शकत नाही. "दाखव म्हणावं," तो म्हणाला. "जिते आसत तर माका दाखव."

मैत्रीण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर खरंच आली. खांद्याला पिशवी, पिशवीत दोन बाटल्या आणि एक सुई नसलेलं इंजेक्शन. मी आदल्या रात्री मामाकडेच राहिले होते. हे बघायचं सोडून मुलुंडला कोण जाणार?

तिने आधी दुधाचं काम घेतलं. कॅप्सूलमधले जंतू दुधात वाढणाऱ्या जातीचे होते, तेवढं तिने स्ट्रिपवरून ओळखलं होतं. मामीने तापवून कोमट केलेलं दूध दोन वाट्यांत ओतलं. एका कॅप्सूलची भुकटी तशीच पहिल्या वाटीत. दुसऱ्या कॅप्सूलची भुकटी आधी मामाच्या उकळत्या काढ्याच्या पेल्यात, आणि तो गार झाल्यावर त्यातला चमचाभर दुसऱ्या वाटीत. दोन्ही वाट्या मामीने फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवल्या.

"विरजण लावलंत की तुम्ही," मामी म्हणाली.

"तेच," मैत्रीण म्हणाली.

मला दिसलं, मामाला आत्ताच कळलं होतं. उकळत्या दुधात विरजण घालायचं नसतं हे त्या घरात कोणालाच सांगावं लागत नाही. त्याला फक्त कोणी म्हणालं नव्हतं की पाकिटात आलंय ते विरजण आहे. एवढा एक शब्द त्या काउंटरवर कोणी खर्च केला असता तर!

मग दुसरा खेळ. एका बाटलीत चिकट, पातळ खळीसारखं काहीतरी होतं. त्यात तिने घरच्या दह्याचं पाणी मिसळलं. दुसऱ्या बाटलीतलं स्वच्छ पाणी एका काचेच्या भांड्यात ओतलं. त्यात एक क्षार विरघळवलेला होता, चुन्याच्या नात्यातला, असं ती म्हणाली. मग इंजेक्शनमध्ये ती खळ भरली आणि भांड्यावर धरून हलकेच दाबलं. थेंब पडला, आणि पाण्यात पोचताच गोल मणी झाला. दुसरा थेंब. दुसरा मणी. टपटपटप. भांड्याच्या तळाला पांढरट मण्यांची रास.

"बुंदी!" मामी ओरडली. "अगं बाई, ही तर बुंदी पाडतेय!"

"झारा नाही, एवढंच," मैत्रीण म्हणाली. "प्रत्येक मण्यात दह्यातले जंतू अडकलेत. लाखांनी. हे कवच आम्लात आक्रसतं, घट्ट होतं. पुढे आतड्यात हळूहळू फुगतं आणि सुटतं. असं कवच घालून आम्ही आता ते सरबतात टाकता येतील का बघतोय."

मामाने एक मणी तळहातावर घेतला. दाबला. तो रबरासारखा दबला आणि परत उठला. "ह्या कवच कशाचा?"

"समुद्रातल्या शेवाळाचं. तपकिरी शेवाळ असतं ना, खडकांवर, त्यातून काढतात."

"दर्याचा?"

"हो, दर्याचंच."

आता मामाचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. इतका वेळ तो एका परक्या गोष्टीसमोर परीक्षेला बसल्यासारखा उभा होता. दर्या म्हटल्यावर तो मालक झाला. "म्हंजे होडी झाली की गो ती!" तो म्हणाला. "शेवाळाची होडी. आत बसलेले हे सगळे. खाली आंबट दर्या. बंदर येय्सर कोणी उतरायचा नाय." आणि त्याने ओट्यावर बोटांनी ठेका धरला. मामीने कपाळाला हात लावला, कारण ठेका धरला की मामा आता जेवणार कधी ते सांगता येत नाही.

"तुमच्या कॅप्सूलचं कवच शेवाळाचं नाहीये हां मामा," मैत्रीण म्हणाली. "ते वेगळं. काम तेच, पण वस्तू वेगळी."

"गजरात चालता," मामा म्हणाला.

सकाळी मी उठले तेव्हा मामा आधीच पिठाच्या डब्यासमोर उकिडवा बसला होता. मामीने फडकं सोडलं. पहिली वाटी तिरकी केली. हललं नाही. घट्ट, चकचकीत, कडेला थोडं पाणी सुटलेलं दही. दुसरी वाटी तिरकी केली. दूध. काढ्याने जरा तपकिरी झालेलं, पण दूधच. ओघळून मामीच्या मनगटावर आलं.

मामाने दोन्ही वाट्या स्वतः तिरक्या करून बघितल्या. मग म्हणाला, "पाच-सहा दिस मी मढी पिलंय." आणि इतका हसला की शेजारचे काका काय झालं म्हणून डोकावले. मग त्यांनाही दोन्ही वाट्या दाखवण्यात आल्या. मग वरच्या मजल्यावरच्या आजींना. दहा वाजेपर्यंत अर्ध्या बिल्डिंगने मामाच्या मढ्यांचं दर्शन घेतलं होतं.

त्याच दिवशी मी मामाला घेऊन त्या मेडिकलमध्ये गेले. मी तयारीनेच गेले होते, मनात पत्रकाची पहिली ओळ लिहून झाली होती. काउंटरवर तोच माणूस.

"ही स्ट्रिप तुम्ही कापून दिलीत," मी म्हटलं. "उरलेली दाखवा."

त्याने कुरकुरत खोक्यातून काढली. मी तिच्यावरची ओळ त्याला मोठ्याने वाचायला लावली. त्याने वाचली. परत वाचली, ह्या वेळी मनात.

"मॅडम, सगळेच कापून देतात," तो म्हणाला. "लोकांना पूर्ण स्ट्रिप नको असते."

"कापा. पण कापल्यावर तोंड उघडायला काय होतं?"

"गर्दी असते हो."

"गर्दीत कात्री चालते, जीभ चालत नाही?"

मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. तो लाल झाला. मला अजून बरंच बोलायचं होतं, पण मामा मध्ये घुसला. "ऱ्हवांदे," तो त्याला म्हणाला. "शनिवारी माझी बारी असा. इलास तर पुढच्या खुर्येत बसवतंय. पण आजपासून गोळी देताना बोलूचा. काय?"

"बोलेन," तो म्हणाला. मग त्याने मामाच्या नव्या कॅप्सूलच्या पाकिटावर स्वतःहून मराठीत लिहिलं: अख्खी गिळा, गरम नको. अक्षर वाईट होतं. पण मला ते पाकीट फ्रेम करावंसं वाटलं.

बुधवारी मामाने मंडळाला फोन करून सांगितलं: मीच बसतलंय. मला विचाराल तर तेव्हा त्याचं पोट पूर्ण बरं नव्हतं. पण गुरुवार, शुक्रवार करत ते थांबलं. मी लगेच लिहायला बसले: कवचाचा चमत्कार! मैत्रिणीने वाचलं आणि चमत्कार हा शब्द खोडला. "त्यांचा अँटिबायोटिकचा कोर्सही संपलाय," ती म्हणाली. "मामींचा दहीभातही आहे. नक्की कशाने बरं झालं हे तुला माहीत नाही, मलाही नाही. मेलेले जंतू घेऊन पैसे वाया जात होते आणि आता जिवंत जातायत, एवढं लिही." मला तिचा राग आला. मग मी एवढंच लिहिलं, कारण ती बरोबर होती.

शनिवारी संध्याकाळी सहालाच बारी सुरू झाली, दहानंतर लाउडस्पीकर बंद म्हणून. मैदानात मंडप, भजीचा स्टॉल, मागे रिक्षांची रांग. पहिली बारी भांडुपच्या बुवाची. नमन झालं, अभंग झाला, आणि गजरात त्याने मामाला गाठलंच. त्याला बातमी लागली होती. कोणी फोडली कुणास ठाऊक, बिल्डिंगने दोन वाट्या बघितल्यावर काय गुपित राहणार? बोरिवलीचे बुवा, आज पेटी सोडून किती वेळा पळणार, अशा अर्थाचं काहीतरी त्याने गायलं आणि अख्खा मंडप हसून लोटपोट झाला. मी मामाकडे बघितलं. तो कोमट पाणी पीत शांत बसला होता. कोमट!

मग मामाची बारी. त्याने घाई केली नाही. नमन सुरेख झालं. आवाज परत आला होता, जरासा खरखरीत, पण खालच्या सुरात भरलेला. पखवाजवाल्याने मान डोलावली. एक तास झाला. मामी मुठी आवळून बसली होती. मामाची मांडी हलली नाही. गजर सुरू झाला, झांजा चढल्या, आणि मामाने समोरच्याकडे बोट करून उचललं:

शेवाळाची होडी, आत जित्ता विरजण,
आंबट दर्यात बुडूक नाय, बुडूक नाय!
बंदर इल्याशिवाय कोण उतरूक नाय,
आणि बुवा तुमचो जागचो उठूक नाय!

कोरसने "उठूक नाय" पकडलं आणि सोडलंच नाही. मंडपाने पकडलं. भजीवाल्याने झारा कढईवर वाजवला. पुढच्या रांगेत मेडिकलवाला उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याला अर्धंच कळलं असणार, पण नाचत पूर्ण होता. माझी मैत्रीण, प्रयोगशाळेतली, शब्द तोलून बोलणारी, तोंडात दोन बोटं घालून शिटी मारत होती. आणि भांडुपचा बुवा उठून समोर आला, मामाच्या पाया पडला, आणि हसत हसत माईकवर म्हणाला, "बुवा, माका पण देवा त्यातली एक."

"अख्खी गिळ हां!" मामा ओरडला. "सोलू नको!"

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात आत्ता एक खाकी पाकीट आहे, आतल्या स्ट्रिपचं टोक कापलेलं. उठा, ते काढा. त्यावर काही लिहिलेलं नसेल तर उद्या त्या दुकानात परत जा, कितीही गर्दी असली तरी काउंटरसमोर उभे राहा आणि विचारा: ही अख्खी गिळायची की उघडायची, कशाबरोबर घ्यायची, आणि कशाबरोबर नाही? उत्तर पाकिटावर मराठीत लिहून मिळेपर्यंत तिथून हलू नका.